डेरेकच्या चाकूची धार

ज्या वस्तूचा आपल्याला काडीइतका उपयोग नाही, तिच्यासाठी आमच्या मामांइतके कष्ट उपसणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात नसेल. आणि असलाच, तर त्याच्या घरच्यांना माझा कोपरापासून नमस्कार. मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा, नात्याने माझे मामेसासरे. वय ऐंशीच्या घरात, राहणं पिनरला, एका कौन्सिलच्या पार्किंग खात्यात उभा जन्म काढून निवृत्त झालेले. आयुष्यात कधी अंडं खाल्लेलं नाही. कुणाच्या वाढदिवसाला गेले की केकमध्ये अंडं आहे का ते आधी विचारतात, आहे म्हटलं की टाळ्या वाजवण्यापुरते थांबतात आणि मग चिवड्याच्या दिशेने सरकतात. स्वयंपाकघरात मुंगी दिसली तर तिला कागदावर चढवून बागेत पोचती करतात. आणि अशा या माणसाच्या कपाटात, मामींच्या जुन्या मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला, हरणाच्या शिकारीचा चाकू असायचा. वीतभर पातं, हरणाच्याच शिंगाची मूठ आणि धार अशी, की बघणाऱ्यानेसुद्धा दोन पावलं मागे उभं राहून बघावं. हा चाकू मामांनी कधीही कशावर चालवला नाही. सफरचंद नाही, पार्सलची दोरी नाही, काही नाही. धार लावायची, पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचं, गुंडाळून ठेवायचा. आणि थोड्या वेळाने परत सोडून बघायचं, ठेवल्या ठेवल्या धार उतरली तर नाही ना.

मला असल्या गोष्टी सहन होत नाहीत. मी रीडिंग गावात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि माझं कामच मुळी दुसऱ्यांना वेळेवर कामं करायला लावणं हे आहे. घरातही आमच्या फ्रिजवर आठवड्याची यादी लागलेली असते: कचऱ्याची बिन कोणी बाहेर ठेवायची, मुलीला पोहायला कोणी न्यायचं, बॉयलरवाला कधी येणार. रविवारी मामा यायचे ते बूट काढून सरळ स्वयंपाकघरात. पाणी नको, चहा नको. खण उघडून माझ्या सुऱ्या एकेक करून बाहेर काढायच्या, उजेडाकडे धरून बघायच्या आणि डॉक्टरांनी वाईट बातमी द्यावी तशी मान हलवायची. मग कागद लागायचा, कारण धारेची पहिली परीक्षा कागद कापून होते. हाताशी कागद कुठला? माझी यादी. एका रविवारी मी मागच्या दारातून कपडे घेऊन आत येते तो यादी उभी चिरलेली, मंगळवार अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे.

“अहो मामा, ही माझी यादी होती!”

“होती ना? मग दुसरी कर. पण बघ तरी कशी कापली गेलीय. एक तंतू सुटलेला नाही.”

कागद ही नुसती प्राथमिक परीक्षा. खरी परीक्षा केसांची. धार जमली की नाही हे मामा डाव्या हातावरचे केस तासून बघत. त्यामुळे त्यांचा उजवा हात चारचौघांसारखा आणि डावा मनगटापासून कोपरापर्यंत तान्ह्या बाळासारखा गुळगुळीत. ईलिंगला एकांकडे सत्यनारायणाला गेलो असताना एका डॉक्टर बाईंनी तो हात पाहिला, प्रसादाची वाटी बाजूला ठेवली आणि काळजीने विचारलं, “अंकल, हे कधीपासून आहे?” मामा म्हणाले, “ऑगस्टपासून.” बाईंनी तिथल्या तिथे रक्ताच्या तीन तपासण्या सुचवल्या, आणि हे गृहस्थ “हो, हो” म्हणत ऐकत राहिले! घरी येताना मी गाडीत विचारलं की खरं का नाही सांगितलं, तर म्हणाले, “एवढ्या मनापासून सांगत होती, मध्येच कसं तोडायचं?” स्वतःच्या हाताचे केस संपले की त्यांची नजर माझ्या नवऱ्याच्या हाताकडे वळे. “जरा हात इकडे कर रे.” बिन बाहेर ठेव म्हणून मी तीनदा ओरडले तरी ज्याला ऐकू येत नाही, तो माझा नवरा मामांच्या पहिल्या हाकेला बाही वर सारून हजर!

याच नवऱ्याचा ऑफिसचा एकुलता एक चामड्याचा पट्टाही मामांनी कामाला लावला. दगडावर लावलेली धार शेवटी चामड्यावर घासायची असते म्हणे, आणि त्यासाठी चामड्याला एक हिरवी वडी फासायची असते. पट्टा दाराच्या मुठीला अडकवला, वडी फासली, काम झालं. सोमवारी नवरा ऑफिसला गेला तो कमरेभोवती हिरवा गोफ घेऊन. माझा काचेचा चॉपिंग बोर्ड एके दिवशी नाहीसा झाला; शोध घेतला तेव्हा कळलं, मामांनी तो परस्पर चॅरिटी शॉपला देऊन टाकला. “काचेवर सुरी चालवणं म्हणजे पाप आहे,” एवढंच स्पष्टीकरण. आणि त्यांनी माझ्या सगळ्या सुऱ्यांना धार लावून दिली त्या आठवड्यात आमच्या घरात ज्याच्या त्याच्या बोटाला पट्टी. मी तक्रार केली तर उलट मलाच ऐकवलं, “सुरीची चूक नाही. तुमच्या बोटांना बोथट सुरीची सवय लागलीय.” म्हणजे बोटं आमची कापायची आणि चुकाही आमच्याच!

आता या सगळ्याचं मूळ कुठे आहे, तर मामींच्या विळीत. मामींनी लग्नानंतर सांगलीहून येताना बॅगेत घालून विळी आणली होती. दोन-चार वर्षांत ती बोथट झाली. पिनरमध्ये सायकलवर चाक फिरवत धारवाला काही येत नाही. मामींनी रोज कुरकुर केली, तेव्हा मामांनी एक दगड विकत आणला, पुस्तकं वाचली आणि बागेत चटई टाकून शिकायला बसले. शेजारचा डेरेक कुंपणावरून डोकावला. हा डेरेक म्हणजे उंचापुरा, लाल चेहऱ्याचा, दर सप्टेंबरात स्कॉटलंडला हरणांच्या शिकारीला जाणारा माणूस. त्याने विळी पाहिली आणि विचारलं, “हे काय हत्यार आहे?” मामांनी पाटावर बसून दाखवलं. म्हणाले, “तुमच्याकडे सुरी भाजीकडे जाते. आमच्याकडे भाजी सुरीकडे येते.” डेरेक म्हणे तसाच घरात गेला आणि स्वतःचा शिकारीचा चाकू घेऊन आला.

तेव्हापासून रीतच पडली. ऑगस्ट लागला की डेरेक कुंपणावरून चाकू द्यायचा, मामा धार लावून परत करायचे. डेरेक शिकारीहून आला की तिथल्या डोंगरांचं, धुक्याचं, वाऱ्याचं वर्णन करायचा; नेमकं हरीण आलं की मामा हात वर करून म्हणायचे, “बस, पुढचं नको.” मामी मूठ शिंगाची म्हणून चाकू घरात घेऊ देत नसत. शिंगं दर वर्षी आपोआप गळून पडतात, त्यासाठी हरीण मारावं लागत नाही, हे डेरेकने स्वतः येऊन त्यांना समजावलं तेव्हा कुठे चाकूला उंबरठा ओलांडता आला. दोघा म्हाताऱ्यांची मैत्री ही एवढीच. एकमेकांच्या घरी जेवण नाही, बरोबर फिरणं नाही. फक्त कुंपण.

मग एका ऑगस्टात नेहमीप्रमाणे चाकू मामांकडे आला आणि त्याच आठवड्यात डेरेक जिन्यावरून पडला. हॉस्पिटल झालं, आणि नंतर त्याच्या मुलीने त्याला तिच्या घराजवळ, म्हणजे आमच्या रीडिंगजवळच्या वृद्धांच्या एका केअर होममध्ये ठेवलं. पिनरचं घर विकलं गेलं. चाकू मामांकडेच राहिला. झालं! तेव्हापासून मामांच्या डोक्यात एकच: ही ठेव आहे, ज्याची आहे त्याच्या हातात द्यायची, आणि देताना धार असली पाहिजे. डेरेक आज मागेल, उद्या मागेल, म्हणून चाकू कायम तयार. आमच्याकडे रविवारी येणं सुरू झालं तेही याच पायी. मला वाटायचं भाच्याची, नातीची ओढ आहे. कसली ओढ? दुपारी जेवण झालं की, “सूनबाई, जरा डेरेककडे सोडतेस का?” मी सोडायची. होमच्या दारात मी गाडीत बसून ईमेल वाचायची आणि मामा आत जाऊन यायचे. चाकूचा विषय त्यांनी डेरेककडे कधी काढला नाही, कारण त्याने मागितल्याशिवाय द्यायला जाणं म्हणजे ‘तू आता काही उठत नाहीस’ असं त्याला तोंडावर सांगणं. हे त्यांचं तर्कशास्त्र. मागितला तर द्यायचा, आणि मागेपर्यंत घासत बसायचं.

मामी गेल्यावर खंडेनवमीची शस्त्रपूजा आमच्याकडे होऊ लागली. पाटावर नवऱ्याचा लॅपटॉप, ड्रिल मशीन, गाडीची किल्ली, मुलीची हॉकी स्टिक, असं आमचं शस्त्रागार. पहिल्याच वर्षी मामा आले, पिशवीतून नारळ काढला, झेंडूची फुलं काढली, पेढे काढले, आणि शेवटी तो चाकू काढला.

“मामा, हा तुम्ही ट्यूब रेल्वेतून आणलात?”

“मग काय कुरियरने पाठवू?”

“अहो, या देशात असला चाकू घेऊन रस्त्यावरून हिंडता येत नाही! पोलिसाने पिशवी बघितली असती तर?”

“तर काय? पूजेचं सामान आहे. त्याला पेढा दिला असता.”

ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना पिवळ्या रेघेवर चाक टेकलं म्हणून दंड ठोठावले, त्याने गर्दीच्या डब्यात मांडीवर शिकारीचा चाकू घेऊन पिनर ते रीडिंग प्रवास केला! त्या दिवसापासून मी नियम केला की चाकू हलवायचा असेल तर मी स्वतः पिनरला येईन, आणि तो कुलपाच्या पेटीत, डिकीत ठेवून आणीन. म्हणजे पाहा, वेडेपणा त्यांचा आणि पेट्रोल माझं.

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला मामांना एकट्याने राहणं जड जाऊ लागलं आणि त्यांच्या मुलीने त्यांना लीड्सला स्वतःकडे न्यायचं ठरवलं. मुलगी इथेच जन्मलेली, गुणी आहे, पण ठाम. मला फोन केला, “वहिनी, बाबांना मी म्हणाले, सगळं आणा, देव आणा, पुस्तकं आणा. पण ती चाकू नाही. माझ्या घरात छोटी मुलं आहेत. पोलीस स्टेशनबाहेर चाकू जमा करायची सरेंडर बिन असते ना, तिथे टाकून द्या प्लीज.” मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. मी मामांना तेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “दुसऱ्याची वस्तू मी पेटीत टाकू? त्याला जाऊन काय सांगू?”

“पण मामा, डेरेकला आता तुम्ही कोण तेही आठवत नाही. तुम्हीच म्हणालात ना, तो तुम्हाला डॉक्टर समजतो?”

“त्याला आठवत नाही. मला आठवतं ना?”

लीड्सला जायच्या आत चाकू डेरेकच्या हातात पडला पाहिजे, नाहीतर आपण हातातली ठेव टाकून पळालो असं होईल, या काळजीने मामांनी जेवण अर्ध्यावर आणलं. नाइलाजाने मी कामाला लागले. आधी डेरेकच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, “ते जुनं काहीतरी? देवा, टाकून द्या हो!” आणि इथे माझं डोकं फिरलं. टाकून द्या? ज्या चाकूपायी माझ्या याद्या चिरल्या गेल्या, माझ्या नवऱ्याच्या कमरेला हिरवा रंग लागला, एका सज्जन माणसाचा हात कायमचा भुंडा झाला, तो टाकून द्या? मी अत्यंत गोड आवाजात तिला सांगितलं की वस्तू तुमच्या वडिलांची आहे, निर्णय त्यांना घेऊ द्या. मग होमच्या मॅनेजर बाईंना गाठलं. धारदार वस्तू आत आणता येणार नाही. ठीक. बाहेर? बाहेरही नाही. मग बागेत? त्यांनी आमच्या समजुतीसाठी फोटो दाखवायचा पर्याय सुचवला. मी म्हटलं, बाई, फोटोला धार नसते. शेवटी कुठे त्या तयार झाल्या: कार पार्कमध्ये, माझ्या डिकीपाशी, त्या स्वतः शेजारी उभ्या राहणार, आणि चाकू मामांच्या हातातून सुटणार नाही.

फेब्रुवारीचा करडा, ओलसर दिवस. मामा सूट-टाय घालून आले होते. डेरेकला व्हीलचेअरवर, दोन ब्लँकेटांत गुंडाळून आणलं. तो माझ्या गाडीकडे, झाडांकडे, कुठेही बघत होता. मामांनी पेटी उघडली, साडीचा तुकडा उलगडला आणि चाकू समोर धरला. डेरेकने हात पुढे केला तशा मॅनेजर बाई एक पाऊल पुढे आल्या. पण त्याने चाकू घेतला नाही. त्याने मामांचं मनगट धरलं आणि ते हळूच उजेडाकडे वळवलं. बोथट धार उजेडात चमकते. चांगली लागलेली धार दिसतच नाही, एवढं मलाही मामांनी ऐकवून ऐकवून माहीत झालं होतं. डेरेकने बराच वेळ पात्याच्या टोकापासून मुठीपर्यंत नजर फिरवली.

“फार वेळ लावलास,” तो म्हणाला.

“हो,” मामा म्हणाले. “जरा कामं निघाली.”

“हंगाम सुरू झाला?”

मामा खोटं बोलत नाहीत. सख्ख्या मेव्हण्याचा दंड माफ करायला त्यांनी नकार दिला होता, त्यावरून मामी आठवडाभर अबोला धरून होत्या. ते माझ्याकडे बघून मग डेरेककडे वळले. “नाही अजून. वेळ आहे.”

“मग राहू दे तुझ्याकडेच. माझ्या मुलीला देऊ नकोस, ती त्याने बटाटे सोलेल.”

मॅनेजर बाई हसल्या. डेरेकही हसला, आणि मग पुन्हा झाडांकडे बघू लागला. त्याला आत नेलं. म्हणजे एवढा आटापिटा करून, इतके फोन करून, आम्ही चाकू परत द्यायला गेलो आणि परत घेऊन आलो. गाडीत मामा रडतील म्हणून मी टिश्यूचा डबा पुढे सरकवून ठेवला होता. त्यांनी त्यातला एक काढून चष्मा पुसला आणि म्हणाले, “सूनबाई, आता तू ठेव. तुझ्याकडे शिस्त आहे.”

मला कोणी विचारलं होतं? मी म्हटलं, मामा, मला वेळ नाही, मला हौस नाही, आणि मला धार लावता येत नाही. त्यांनी यातलं फक्त तिसरं ऐकलं. लीड्सला जाण्याआधीचे दोन्ही रविवार मला सिंकपाशी उभं केलं. दगड भिजव. पात्याच्या पाठीखाली करंगळीचं टोक शिरेल एवढाच उचल. दाबू नकोस. अगं दाबू नकोस! एवढी का तुझी त्या दगडाशी दुश्मनी? ऑफिसात मी वीस माणसं सांभाळते, आणि इथे करंगळीच्या टोकावरून बोलणी खात होते.

डेरेक नाताळच्या आधी गेला. होममधून मला फोन आला आणि मी मामांना कळवलं. मी सांत्वनाचे शब्द जमवत होते तेवढ्यात पलीकडून आवाज आला, “चाकूला तेल लावलंस का?” मला इतका राग आला! तुमचा मित्र गेला, मामा, आणि तुम्हाला तेलाची पडलीय? पण मी तसं बोलले नाही. लावलंय म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर गॅरेजमध्ये जाऊन लावलं.

मला वाटलं, आता हे संपलं. मागणाराच राहिला नाही म्हटल्यावर धार कशाला? तर या ऑगस्टात शनिवारी सकाळी फोन. “सूनबाई, दगड भिजव आणि फोन स्पीकरवर ठेव.” म्हणजे आता लीड्सला बसून नुसत्या आवाजावरून माझ्या चुका काढणार! मी चिडूनच दगड भिजवला. दोन-चार हात झाले नाहीत तोच पलीकडून, “पातं वर उचललंस.” खरंच उचललं होतं. “आता ठीक. टोकाशी घाई करतेस.” खरंच करत होते. मी सगळी बोलणी मुकाट्याने ऐकली, कारण हात ओले होते आणि फोन बंद करता येत नव्हता.

मग हळूहळू त्यांचं बोलणं थांबलं. मला वाटलं फोन कट झाला.

“मामा, आहात ना?”

“आहे. ऐकतोय. घास तू.”

मी घासत राहिले. माझा हात मध्येच वाकडा जात होता, मलासुद्धा आता त्याचा वेगळा आवाज ऐकू येत होता. टोकाशी घाई होत होती. एकदा तर पातं दगडावरून घसरून चांगलंच कर्कश वाजलं. पलीकडून मामांनी एकही चूक काढली नाही. मी दगडावर थोडं पाणी शिंपडलं आणि दुसरी बाजू घेतली.